धाव तुमची, नाव तिघांचं

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची असताना गेली. रक्ताचा कर्करोग. पहिल्या उपचारांनंतर दीड वर्ष छान होती, मग आजार उलटला आणि चार महिन्यांत सगळं संपलं. त्याला आता सोळा महिने झाले. सात महिन्यांनी कर्करोग झालेल्या मुलांसाठी निधी जमवणारी एक शर्यत आहे. तिच्यात लेकीच्या नावाने २१ किलोमीटर धावायचं मी ठरवलं आहे. मी आयुष्यात कधी धावलेली नाही. गेल्या आठवड्यात सुरुवात केली, तर तीनशे मीटरवर हुंदका आला आणि श्वासच घेता येईना. टी-शर्टवर तिचा फोटो छापू या म्हटलं, तर नवरा म्हणाला, "तिची जाहिरात करू नकोस." त्यानंतर आम्ही या विषयावर बोललेलो नाही. बारा वर्षांच्या मुलाने एवढंच विचारलं, "म्हणजे आता दर रविवारी तू घरी नसणार?" शर्यत पूर्ण झाली नाही तर तिला दुसऱ्यांदा गमावल्यासारखं होईल, अशी भीती वाटते. आणि पूर्ण झाली, तर त्या रेषेपलीकडे मला बरं वाटेल का? माझं काही चुकतंय का?

उत्तर :

प्रिय ताई,

पत्रात तुम्ही लेकीचं लाडाचं नाव लिहिलं आहे. ते मी इथे छापलेलं नाही. का, ते पुढे सांगते.

तुमचं काही चुकत नाही. धावा. पण रेषेपलीकडे बरं वाटेल का, याचं उत्तर मला गोड करून देता येणार नाही, कारण तुम्ही खरं विचारलं आहे.

गेली काही वर्षं मी अशा शर्यतींच्या सकाळी स्वयंसेवक म्हणून जाते. पहाटे धावणाऱ्यांच्या छातीवर क्रमांकाचा कागद लावून द्यायचा, हे माझं काम. एका वर्षी एक गृहस्थ आले. चार सेफ्टी पिना तळहातावर घेऊन उभे होते, पण हात इतके थरथरत होते की एकही उघडेना. मी पिना लावत असताना त्यांनी घाम पुसायला टोपी काढली. टोपीच्या आतल्या पट्टीवर एक छोटं पिवळं बटण शिवलेलं होतं, काळ्या दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी. माझी नजर गेलेली पाहून ते म्हणाले, "मुलाच्या शर्टाचं आहे." अंगावर फोटो नव्हता, नाव नव्हतं. दोन-अडीच तासांनी ते मला पुन्हा दिसले. पदक गळ्यात, टोपी मांडीवर, अंगठा त्या बटणावर. रस्त्याच्या कडेला बसले होते. मी पाणी दिलं तर माझ्याकडे बघून म्हणाले, "आता काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचा भाऊ येईपर्यंत मी शेजारी बसून राहिले. (त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.) पुढे त्यांच्याशी बोलणं झालं तेव्हा म्हणाले, मला वाटलं होतं रेषेपाशी काहीतरी असेल.

म्हणून तुम्हाला आधीच सांगते. रेषेपाशी गर्दी असेल, टाळ्या असतील, पाय दुखत असतील, बहुधा अभिमानही वाटेल. ती मात्र तिथे नसेल. हे शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा कळण्यापेक्षा आज घरी बसून कळलेलं बरं. त्या गृहस्थांना धावल्याचा पश्चात्ताप झालेला नाही. ते नंतरही धावत राहिले. फक्त पहिल्या वेळी त्यांनी त्या एका क्षणावर फार मोठं ओझं टाकलं होतं. तुमच्या प्रश्नातही मला तेच ओझं दिसतं. पूर्ण झाली तर बरं वाटेल आणि नाही झाली तर ती पुन्हा जाईल, असं एवढं सगळं २१ किलोमीटरच्या एका रस्त्यावर ठेवू नका.

पूर्ण न होण्याबद्दल बोलू. टेरी फॉक्स हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. कॅनडातला तरुण. १९७७ मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. उपचारांच्या काळात आजूबाजूची आजारी मुलं पाहून तो अस्वस्थ झाला आणि कृत्रिम पायावर अख्खा देश धावत पार करायचा, वाटेत संशोधनासाठी पैसे जमवायचे, असं त्याने ठरवलं. १२ एप्रिल १९८० ला तो अटलांटिकच्या किनाऱ्यावरून निघाला. जवळपास रोज एका मॅरेथॉनएवढं अंतर. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला त्याला थांबावं लागलं, कारण आजार फुप्फुसांत पोचला होता. पॅसिफिकचा किनारा त्याला धावत गाठता आला नाही. २८ जून १९८१ ला तो गेला, तेविसावा वाढदिवस महिन्यावर आलेला असताना. प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर ही त्याची इच्छा मात्र त्याच्या हयातीतच, १९८१ च्या फेब्रुवारीत पुरी झाली. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २.४ कोटी होती आणि जमा झाले होते २.४ कोटींहून थोडे जास्त डॉलर. त्याच्या नावाने दरवर्षी होणाऱ्या दौडीत आजही कोणी पहिला येत नाही. वेळ लावून जिंकायची ती शर्यतच नाही. ज्याला चालायचं तो चालतो.

त्याची धाव अपुरी राहिली म्हणून कोणी त्याला हरलेला म्हणत नाही. तुम्ही चौदाव्या किलोमीटरला थांबलात तरी गोळा झालेला निधी कोणी परत मागणार नाही. आणि लेकीला गमावणं तुमच्या बाबतीत एकदाच घडलं आहे, ताई. ते पायांच्या बळावर टळणारं नव्हतं आणि पाय थकले म्हणून पुन्हा घडणारही नाही.

आता तो तीनशे मीटरवरचा हुंदका. तो बेशिस्तीचा नाही आणि कमजोरीचाही नाही. दिवसभर आपण रडू दाबतो ते श्वास रोखून, ओठ घट्ट मिटून. धावताना श्वास रोखताच येत नाही, तोंड उघडावंच लागतं, आणि मग आत धरून ठेवलेलं बाहेर येतं. हे मला अनेक आईबापांनी सांगितलं आहे. रडताना घसा आवळतो, श्वास तुटक होतो, आणि धावायला तर लांब श्वास लागतो. दोन्ही एकदम जमणार नाही. तेव्हा रडू आलं की चालू लागा. चालत रडा. थांबलं की पुन्हा हळू पळा. पहिले काही आठवडे रोज रडू येईल, येऊ दे. शक्य असेल तर सुरुवातीला एखादी मैत्रीण बरोबर घ्या, अशी, जिला मधल्या शांततेत काही बोलावंसं वाटत नाही.

चालत-पळत जाणं ही काही दुय्यम प्रतीची धाव नव्हे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी हीच पद्धत जगभर रुजवली. तुमच्यासारख्या नव्याने सुरू करणाऱ्यांना ती सर्वांत सोसते. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास, आठवड्यातून तीनच दिवस. पळताना एक अख्खं वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे, वेग तेवढाच. नऊ-दहा आठवड्यांत ५ किलोमीटरपर्यंत याल. त्यानंतर आठवड्यातली एकच धाव लांबवत न्यायची, दर वेळी साधारण एक किलोमीटरने, आणि दर चौथ्या आठवड्याला मागे यायचं. शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी १६-१८ किलोमीटर झाले की पुरे, मग शेवटच्या दोन आठवड्यांत कमी करत यायचं. सात महिन्यांत हे बसतं. तरी आयोजकांना दोन गोष्टी विचारून ठेवा. शर्यत किती वेळात संपवावी लागते आणि आयत्या वेळी १० किंवा ५ किलोमीटरच्या गटात जाता येतं का. भरभर चालणाऱ्याला २१ किलोमीटरला साडेतीन तास लागतात, तेव्हा वेळेची मर्यादा ढिली असेल तर भीती निम्मी होईल. सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मुलाच्या आजारपणाच्या वर्षांत आई स्वतःची एकही तपासणी करत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की विचारायचीही गरज वाटत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, तर ते दुःखाच्या खात्यात टाकू नका, त्याच दिवशी दाखवा.

आणि एक गोष्ट जिची मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते. दीड-दोन महिन्यांनी नडगी किंवा गुडघा दुखू लागेल तेव्हा मनात येईल, तिने एवढं सोसलं, मग माझ्या गुडघ्याचं काय कौतुक. सुया, सलाईन, तोंडात आलेले फोड, गळलेले केस, सगळं आठवेल आणि तुम्ही दुखत्या पायावर अंतर वाढवाल. असं करून नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेली एक आई मला माहीत आहे. तिला डॉक्टरांनी थांबायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला दुखायलाच हवं होतं. असा विचार आला तर तो पायाशी बोलू नका, माणसाशी बोला. समुपदेशक असो, डॉक्टर असो, बहीण असो. तुमच्या दुखण्याने तिचं दुखणं फेडलं जात नाही, आणि तिने कधी तुमच्याकडून ते मागितलंही नव्हतं.

आता नवऱ्याबद्दल.

"जाहिरात" हा शब्द लागला असणार. पण त्या शब्दाशी भांडत बसू नका, त्याच्या मागे काय आहे ते बघा. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये दुःखाबद्दल एक मांडणी केली, ती मला फार उपयोगी वाटते. ते म्हणतात, माणूस गेल्यावर मागे राहिलेला दोन बाजूंना हेलकावे खातो. कधी त्या गेलेल्या माणसापाशी असतो, आठवणीत, रडण्यात. कधी उरलेलं आयुष्य उभं करण्याच्या कामात असतो. दोन्ही लागतं आणि माणूस सतत इकडून तिकडे जात असतो. मी यात माझ्या अनुभवातून एवढंच जोडेन की नवराबायकोचे हेलकावे एकाच वेळी एकाच बाजूला जात नाहीत. तुम्हाला काहीतरी करायचं आहे, लोकांना तिच्याबद्दल सांगायचं आहे, त्याच दिवशी त्यांना दार लावून तिला घरात ठेवायचं आहे. त्यांचं दुःख कमी म्हणून ते नाही म्हणत नाहीत. त्यांना बहुधा वाटतं आहे की अनोळखी हजार माणसांनी तो फोटो पाहिला की ती थोडी कमी आपली राहील.

आणि इथे मी त्यांच्या बाजूने आहे. धावण्याला तुम्हाला कोणाची परवानगी नको, पाय तुमचे आहेत. पण तिचं नाव, तिचा चेहरा, तिच्या शेवटच्या महिन्यांची गोष्ट हे तुमच्या एकटीचं नाही. ते तिघांचं आहे. मी नाव छापलं नाही ते याचसाठी. तिघांपैकी एकानेच मला ते सांगितलं आहे.

त्यांच्याशी बोलाल तेव्हा फोटो छापू का, हा प्रश्न पुन्हा घेऊन जाऊ नका. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. तिचं काय काय घरातच राहावं असं तुम्हाला वाटतं, असं विचारा आणि मग ऐकत राहा. मधे स्वतःची बाजू मांडू नका, त्या दिवशी तरी नको. कदाचित कळेल की फोटो नको पण आद्याक्षर चालेल. कदाचित कळेल की त्यांना फोटोतला तो विशिष्ट, आजारपणातला चेहराच सोसत नाही. पिवळ्या बटणाची गोष्ट त्यांना सांगून बघा. टेरी फॉक्सचंही सांगा. त्याच्या धावण्यावर स्वतःचा माल खपवू पाहणाऱ्या कंपन्यांना त्याने नकार दिला होता. जाहिरात न होता निधी जमू शकतो, हे तुमच्या नवऱ्याच्या मनातल्या भीतीला खरं उत्तर आहे.

निधी मागताना गोष्ट कितपत सांगायची, हेही त्याच बोलण्यातून ठरेल. माझा सल्ला असा की शेवटच्या दिवसांचं वर्णन लिहू नका. पैसे कशासाठी लागतात ते लिहा. सांगण्यासारखं भरपूर आहे. १९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या काही मुलांचा आजार औषधाने तात्पुरता हटवून दाखवला, त्याआधी या मुलांसाठी कोणाकडे काहीच नव्हतं. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या अनेक देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फरक पडतो तो निदान उशिरा होण्याने, औषध न मिळण्याने, आणि पैशाअभावी किंवा लांबच्या प्रवासामुळे उपचार अर्ध्यावर सुटण्याने. २०३० पर्यंत जगभर कर्करोग झालेली किमान ६० टक्के मुलं वाचावीत, असं संघटनेने २०१८ मध्ये ठरवलं आहे. तुमचा निधी यातल्या कोणत्या कामी जाणार, संशोधन, औषधं की आईबापांच्या राहण्याची सोय, ते संस्थेला स्पष्ट विचारा आणि पैसे देणाऱ्यांना तेच सांगा. काही ठिकाणी निधीसाठी धावणाऱ्याने ठरावीक रक्कम जमवण्याची हमी द्यावी लागते आणि कमी पडली तर स्वतः भरावी लागते. सही करण्याआधी हे कलम वाचा.

हे आकडे वाचताना तुमच्या मनात काय येईल ते मला ठाऊक आहे. एवढी मुलं वाचतात, मग माझी का नाही. आपण कुठे कमी पडलो. मुलांच्या बहुतेक कर्करोगांचं कारण आजही सापडलेलं नाही, आणि आजार उलटला की चांगल्यातल्या चांगल्या उपचारांनाही कधी कधी तो जुमानत नाही. लोक पैसे देताना विचारतील, "कशामुळे झालं हो?" एक वाक्य तयार ठेवा, "कारण डॉक्टरांनाही माहीत नसतं." आणि तिथेच थांबा.

आणखी दोन प्रकारची माणसं भेटतील. स्वतःचं मूल गेलेले आईबाप तुम्हाला लांबलचक संदेश पाठवतील. ते सगळे तुम्ही एकटीने वाचू नका. बहिणीला किंवा मैत्रिणीला आधी वाचू द्या. आणि जी माणसं लेकीला कडेवर घेऊन फिरली, त्यांतली काही एक रुपयाही देणार नाहीत, उत्तरही देणार नाहीत. ते लागेल. त्यांच्या मनात काय आहे, याचा शोध घेण्यात या सात महिन्यांतली एकही संध्याकाळ घालवू नका.

शर्यतीच्या दिवशी रेषेपलीकडे कोण उभं असेल, हे आधी ठरवा. नुसतं "आम्ही येऊ" पुरत नाही, अमुक खांबापाशी, अमुक माणूस, हातात कोरडा शर्ट, असं ठरवा. ध्वनिक्षेपकावरून कोणाच्या स्मरणार्थ धावताय ते पुकारतात का, हेही विचारून घ्या. तयारी नसताना ते नाव कानावर पडलं तर पाय जागीच थांबतात. दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या. तो दिवस शर्यतीपेक्षा जड जातो. सात महिने उठायला कारण होतं, ते सकाळी एकदम नसतं. तेव्हा घाईने पुढच्या शर्यतीत नाव नोंदवू नका, महिनाभर तरी नको. झोप उडाली, खाणंपिणं सुटलं, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर शर्यत होईपर्यंत वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा आणि तोवर घरात एकट्या राहू नका.

तुमच्या मुलाबद्दल मुद्दाम शेवटी लिहिते आहे. तुमच्या अख्ख्या पत्रात मला सर्वांत जास्त टोचलं ते त्याचं वाक्य. त्याने बहिणीबद्दल विचारलं नाही, शर्यतीबद्दल विचारलं नाही. रविवारबद्दल विचारलं. ती आजारी होती तेव्हा तुम्ही रुग्णालयात होतात आणि तो कोणाकोणाकडे राहिला असेल. तेव्हा तक्रार करायची सोय नव्हती. आता आई परत आली असं वाटू लागलं, तोच ती पुन्हा तिच्यासाठी घराबाहेर निघाली. त्याला टाळ्या वाजवायला उभं करू नका, शाळेत निधी मागायला लावू नका, लेकीच्या नावाचा टी-शर्ट त्याच्या अंगात घालू नका. शर्यतीच्या सकाळी यायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या, आदल्या रात्री बदललं तरी चालेल म्हणावं.

नवऱ्याशी बोलायला आठवडा लागेल, बूट घ्यायला दोन दिवस. रविवारचं उत्तर मात्र आज संध्याकाळीच द्या. लांबची धाव शनिवारी ठेवा आणि त्याला सांगा, रविवारी मी घरी आहे.